अहवाल-जनक आज्ञावलीचे प्रलेखन

संगणकात साठविलेल्या नोंदींमधून मथळे, पोटबेरजा, एकूण बेरीज व पृष्ठक्रमांक यांसह छापील पत्रक तयार करणाऱ्या साधनास अहवाल-जनक म्हणतात. अशा साधनाचे नियम, चिन्हे, मर्यादा आणि आवृत्तींमधील भेद सांगणारे लिखित साहित्य म्हणजे त्याचे प्रलेखन होय. वेतनपत्रके, खातेवह्यांचे उतारे, साठ्याची पत्रके, निवृत्तिवेतनाच्या याद्या इ. दफ्तरे जगभर अशा साधनांनी तयार झाली असून त्यांपैकी पुष्कळ साधने चाळीस-पन्नास वर्षांनंतरही वापरात आहेत. ती निर्माण करणारी माणसे निवृत्त झाली, कंपन्या विकल्या गेल्या, पुस्तिका रद्दीत गेल्या. पत्रके मात्र छापली जातच राहिली. त्या पत्रकातील एखादा आकडा कसा आला, असा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे जुन्या प्रलेखनाचा शोध घ्यावा लागतो.

सामान्य आज्ञावलीच्या बाबतीत मूळ पाठ हाती असला की, जाणकारास तिचे कार्य बहुतांशी उलगडते. अहवाल-जनकाचे तसे नाही. येथे काय हवे तेवढेच आज्ञावलीत लिहिलेले असते. ते कोणत्या क्रमाने व कोणत्या नियमांनी करावयाचे हे साधनातच बांधलेले असते आणि शब्दांत ते फक्त पुस्तिकेत आढळते. पुस्तिका नसेल, तर आज्ञावलीचा निम्मा भाग हरवला असे समजण्यास हरकत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण आयबीएम कंपनीच्या ‘रिपोर्ट प्रोग्रॅम जनरेटर’ म्हणजेच आरपीजी या साधनाचे आहे. कोबॉल भाषेतील ‘रिपोर्ट रायटर’ किंवा इन्फर्मॅटिक्स कंपनीची मार्क-४ (१९६७) ही साधनेही याच वर्गातील होत. पण दीर्घायुष्य व प्रसार या दोन्ही बाबतींत आरपीजीची बरोबरी त्यांना साधली नाही.

आरपीजीचा उगम : संगणक येण्यापूर्वी मोठ्या कार्यालयांतील हिशेब छिद्रित कार्डांवर चालत असे. कार्डे क्रमाने लावून ती आयबीएम ४०७ (१९४९) सारख्या हिशेबयंत्रात घालीत. कोणत्या स्तंभातील आकडा कोठे छापावयाचा व कशाची बेरीज करावयाची हे एका फळीवर तारा खोचून ठरविले जाई. कार्डावरील खातेक्रमांक बदलला की, यंत्र आपोआप थांबून पोटबेरीज छापी आणि पुढील गटास प्रारंभ करी. अशा बदलाच्या लहान, मध्यम व मोठ्या अशा पायऱ्या असत. आयबीएमने १९५९ मध्ये १४०१ या संगणकाची घोषणा केली, तेव्हा या तारा खोचणाऱ्या कर्मचाऱ्यांना नवीन यंत्राकडे वळविणे हा मोठाच प्रश्न होता. त्यासाठी प्रथम फार्गो व नंतर आरपीजी ही साधने देण्यात आली. आरपीजीने जुन्या यंत्राचे चक्र जसेच्या तसे संगणकात उतरविले. तारांच्या फळीची जागा रकाने आखलेल्या छापील तक्त्यांनी घेतली. १४०१ हा संगणक दहा हजारांहून अधिक संख्येने तयार झाला व १९७१ मध्ये त्याची विक्री थांबली. आरपीजी मात्र पुढच्या यंत्रांवर जात राहिली. सिस्टम/३ बरोबर १९६९ मध्ये आरपीजी-२, १९७८ मध्ये घोषित झालेल्या सिस्टम/३८ बरोबर आरपीजी-३ आणि एएस/४०० यंत्रमालेवर (१९८८) १९९४ मध्ये आरपीजी-४ अशी तिची परंपरा असून आयबीएम आय या प्रणालीवर ती आजही वापरात आहे.

न लिहिलेले चक्र : आरपीजी-२ मधील आज्ञावली वाचणाऱ्यास प्रथम एक गोष्ट खटकते; तीत ‘नोंद वाच’ असा आदेश बहुधा कोठेच नसतो आणि ‘पुन्हा आरंभापासून कर’ असाही नसतो. दोन्ही कामे चक्र करते. चक्र प्रथम मथळे व तपशिलाच्या ओळी छापते, मग पुढील नोंद वाचते, तिच्यातील नियंत्रक क्षेत्र बदलले आहे काय ते पाहते. ते बदलले असल्यास एल१ ते एल९ या दर्शकांपैकी योग्य तो चालू करून बेरजांची गणिते करते व बेरजा छापते. त्यानंतरच नव्या नोंदीतील मजकूर आज्ञावलीच्या क्षेत्रांत हलविला जातो आणि तपशिलाची गणिते होतात.

यातील शेवटची पायरी सर्वांत फसवी आहे. समजा, विभाग १० च्या नोंदी संपून विभाग २० ची पहिली नोंद वाचली गेली. पोटबेरीज छापण्याच्या क्षणी ही नवी नोंद यंत्राच्या हाती आलेली असते, पण विभागक्रमांकाच्या क्षेत्रात अद्याप १० हाच आकडा असतो. म्हणूनच बेरजेच्या ओळीवर योग्य विभागाचा क्रमांक येतो. हे ज्यास ठाऊक नाही, तो वाचक बेरजेशेजारी पुढच्या विभागाचा क्रमांक छापला जात असावा असा तर्क करील आणि नव्या भाषेत आज्ञावली पुन्हा लिहिताना नसलेली चूक दुरुस्त करू जाईल. त्याचप्रमाणे एल३ चालू झाला की एल२ व एल१ आपोआप चालू होतात, शेवटच्या नोंदीनंतरचा एलआर हा दर्शक सर्वच पातळ्या चालू करतो आणि पहिल्या नोंदीपूर्वी बेरजांची पायरी गाळली जाते. यांपैकी एकही नियम आज्ञावलीच्या पाठात दिसत नाही.

एका अक्षराचे मोल : आरपीजी-२ व ३ मध्ये प्रत्येक ओळीचा अर्थ अक्षर कोणत्या स्तंभात आहे यावर ठरतो. सहाव्या स्तंभातील एफ, आय, सी, ओ यांसारखे अक्षर ती ओळ फाइलीची, आदानाची, गणिताची की प्रदानाची हे सांगते. पुढील स्तंभांचे अर्थ त्या त्या प्रकारानुसार बदलतात आणि त्यांची कोष्टके पुस्तिकेत असतात. प्रदानाच्या ओळीत ३९ व्या स्तंभात ‘बी’ हे अक्षर असेल, तर आकडा छापल्यावर ते क्षेत्र शून्य होते. पोटबेरजेपुढे हे अक्षर नसेल व अन्यत्रही क्षेत्र शून्य केलेले नसेल, तर पहिल्या विभागाची रक्कम दुसऱ्याच्या बेरजेत मिळत जाते. गणिताच्या ओळीत ५३ व्या स्तंभातील ‘एच’ उत्तर जवळच्या पूर्ण पैशापर्यंत आणते. ते नसल्यास उरलेला अंश सरळ तोडला जातो. १०.२५७ चे एका बाबतीत १०.२६ व दुसऱ्या बाबतीत १०.२५ होतात. व्याजाच्या आकारणीत प्रत्येक खात्यामागे सरासरी अर्धा पैसा सुटला, तरी दहा हजार खात्यांत तो फरक सु. ५० रुपयांचा होतो. रक्कम मोठी नाही, परंतु नवे व जुने पत्रक जुळत नाही एवढे खरे, आणि ते का जुळत नाही हे शोधण्यात दिवसच्या दिवस जातात. उत्तरासाठी ठरविलेले क्षेत्र अपुरे पडल्यास डावीकडचे अंक कोणतीही सूचना न देता गळतात, हा नियम त्याहून घातक आहे. कारण वर्षानुवर्षे बिनचूक चाललेले पत्रक, रक्कम वाढून एक अंक अधिक झाला की, एकाएकी हास्यास्पद बेरीज दाखवू लागते.

छपाईच्या संकेतांचेही असेच आहे. ३८ व्या स्तंभात १ ते ४ यांपैकी संकेत असेल, तर ऋण चिन्ह छापले जात नाही. ए ते डी असल्यास ऋण रकमेपुढे ‘सीआर’ ही अक्षरे आणि जे ते एम असल्यास उजवीकडे ऋण चिन्ह येते. ५०० रुपयांचे येणे व ५०० रुपयांचे देणे ही दोन्ही पत्रकात एकसारखीच दिसण्याचे कारण कित्येकदा हा एकच संकेत असतो. स्वल्पविरामाचा भारतीय वापरातील प्रश्न त्याहून निराळा. तयार संकेत दर तीन अंकांनंतर स्वल्पविराम देतात. म्हणजे १,२३,४५,६७८ ही रक्कम १२,३४५,६७८ अशी छापली जाते. लाख-कोटींच्या पद्धतीने छापण्यासाठी रकमेचा साचा अवतरणचिन्हांत स्वतंत्रपणे लिहावा लागतो. जुन्या आज्ञावलीत असे साचे आढळले, तर ते अनाकलनीय चिन्हांची गर्दी नसून कोणा कर्मचाऱ्याने देशी हिशेबपद्धतीची घेतलेली काळजी आहे, हे पुस्तिकेवाचून कळत नाही.

योग्य आवृत्तीचा शोध : पुस्तिका शोधण्यापूर्वी आज्ञावली साधनाच्या कोणत्या पिढीची आहे हे निश्चित करावे लागते. मोडी कागदाचा काळ अक्षराच्या वळणावरून सांगतात तसे येथेही करता येते. ई व एल प्रकारच्या ओळी असतील, तर पाठ आरपीजी-४ पूर्वीचा. डी प्रकारच्या ओळी आरपीजी-४ मध्येच आल्या. स्तंभांचे बंधन नसलेली गणिते २००१ नंतरची आणि जवळजवळ संपूर्ण पाठ मुक्त स्वरूपात असल्यास तो २०१३ नंतरचा समजावा. कंपायलरने छापलेली यादी सापडली, तर तिच्या माथ्यावर साधनाचे नाव व आवृत्ती असते. आज्ञावलीच्या नुसत्या पाठापेक्षा अशी यादी कितीतरी मोलाची.

आयबीएमच्या पुस्तिकांना ठराविक क्रमांक असत. उदा., सिस्टम/३६० च्या कार्यतत्त्वांवरील प्रसिद्ध ग्रंथाचा क्रमांक ए२२-६८२१ हा असून १९६४ मधील पहिल्या आवृत्तीस अखेरीस शून्य जोडलेले आहे. पुढील आवृत्तींस १, २ असे अंक मिळत गेले. क्रमांकाच्या आरंभी नंतरच्या काळात आलेले अक्षर पुस्तिका सर्वांस उपलब्ध (जी), विक्रीची (एस) की केवळ परवानाधारकांसाठी (एल) हे दर्शविते. मुखपृष्ठामागील सूचनेत पुस्तिका साधनाच्या कोणत्या आवृत्तीस लागू आहे व तिच्यामुळे कोणती जुनी पुस्तिका रद्द होते हे दिलेले असते. शोध घेणाऱ्याने सर्वप्रथम ही सूचना वाचावयास हवी. नवीनतम पुस्तिका ही नेहमीच उपयोगी असेल असे नाही. १९७५ मधील पत्रकाचा प्रश्न १९९५ च्या पुस्तिकेने सुटेलच याची खात्री देता येत नाही.

पुस्तिकांत मधूनमधून दुरुस्ती-पत्रांद्वारे बदल होत. नवी पाने पाठविली जात, बदललेल्या मजकुराशेजारी समासात उभी रेघ असे आणि जुनी पाने काढून टाकावीत अशी सूचना असे. याचा परिणाम मोठा विचित्र झाला. ज्या कार्यालयात पुस्तिका दक्षतेने अद्ययावत ठेवल्या गेल्या, तेथे जुने नियम कायमचे नाहीसे झाले. जेथे कारकुनाने दुरुस्तीची पाने पाकिटातच राहू दिली, तेथे जुने व नवे दोन्ही टिकून राहिले. आळसाचे असे उपकार दफ्तरखान्यांच्या इतिहासात नवीन नाहीत.

साधनाच्या अंतर्गत रचनेविषयीचे साहित्य मिळविणे अधिक कठीण असते. आयबीएमने १९६९ मध्ये आज्ञावल्यांची किंमत यंत्राहून वेगळी आकारण्याचे ठरविले. त्याआधी आज्ञावल्या व त्यांचे तर्क समजावणाऱ्या पुस्तिका यंत्राबरोबर सहज मिळत. १९८३ पासून केवळ यंत्रभाषेतील रूप देण्याचे धोरण जाहीर झाल्यावर हा मार्ग क्रमाने अरुंद झाला. १९९० च्या दशकात पुस्तिका सीडींवर आल्या, पण त्यासाठी वापरलेले बुकमॅनेजर हे स्वरूप वाचण्यास स्वतंत्र आज्ञावली लागे आणि पुढे ते मागे पडले. परिणामी १९६५ मधील कागदी पुस्तिका आज सरळ वाचता येते, १९९५ मधील सीडी मात्र प्रथम उघडावी कशी याचाच विचार करावा लागतो.

अमेरिकेतील माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालय, मिनेसोटा विद्यापीठातील चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूट आणि हजारो जुन्या पुस्तिकांच्या प्रतिमा ठेवणारा बिटसेव्हर्स हा आंतरजालावरील संग्रह ही अशा शोधाची मुख्य स्थाने आहेत. प्रतिमांचे यांत्रिक अक्षरवाचन सदोष असल्याने केवळ शब्द टाकून शोध घेतल्यास पुष्कळदा काहीच हाती लागत नाही. पुस्तिकेचा क्रमांक ठाऊक असल्यास शोध सुकर होतो.

भारतातील स्थिती : १९६०–७० या काळात मुंबईसह देशातील अनेक कार्यालयांत १४०१ यंत्रे काम करीत होती. परकीय चलन नियमन अधिनियम, १९७३ नुसार भांडवलातील भारतीय वाट्याविषयी सरकारशी एकमत न झाल्याने आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय बंद केला व ती कंपनी १९९२ मध्ये टाटा समूहाशी भागीदारी करून परतली. मधल्या काळात मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने केली. निर्मात्याकडून नवीन पाने येण्याचा मार्ग संपल्यावर कपाटात असलेली पुस्तिका हाच शेवटचा आधार उरतो, हे येथील तंत्रज्ञांनी इतर देशांच्या कितीतरी आधी अनुभवले.

डेटाबेसशी जोडलेली साधने : सिस्टम/३८ मध्ये डेटाबेस यंत्रप्रणालीतच अंतर्भूत होता. आरपीजी-३ मधील आज्ञावलीत क्षेत्रांची नावे व लांबी लिहिण्याची गरज उरली नाही. ती फाइलीच्या वर्णनातून घेतली जाऊ लागली. लेखकाचे श्रम वाचले, पण नंतरच्या वाचकास आज्ञावली, पुस्तिका आणि फाइलीचे त्या काळचे वर्णन अशा तीन गोष्टी जमवाव्या लागतात. क्वेरी/४०० या साधनात तर अहवालाची व्याख्या पाठरूपात नसतेच. ती छापून घेण्याची सोय साधनात आहे आणि यंत्र चालू आहे तोवर तिचा लाभ घेणे शहाणपणाचे.

सूक्ष्मसंगणकांच्या युगात प्रत्येक साधनाचे नशीब निराळे ठरले. भारतातही परिचित असलेल्या फॉक्सप्रोची मालकी १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली. पुढची मोठी आवृत्ती निघणार नाही हे २००७ मध्ये जाहीर झाले व व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला. तथापि फॉक्सप्रोतील अहवालाची व्याख्या ही स्वत: एक साधी सारणी असते. ‘एफआरएक्स’ व तिच्या जोडीची ‘एफआरटी’ या फाइली सुरक्षित असतील, तर ती सारणी इतर कोणत्याही सारणीप्रमाणे उघडून प्रत्येक रकान्यामागील सूत्र वाचता येते. याउलट व्हँकूव्हर येथे जन्मलेल्या क्रिस्टल रिपोर्ट्सची ‘आरपीटी’ फाइल त्या आज्ञावलीशिवाय उलगडत नाही. तिची मालकी १९९४ मध्ये सीगेट, २००३ मध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्स व त्यापुढे सॅप अशी बदलत गेली आणि अशा प्रत्येक हस्तांतरात प्रलेखनाची मांडणी, पत्ता व पुस्तिकांवरील नाव बदलते. जुन्या आवृत्तीची पुस्तिका शोधणाऱ्यास म्हणून आधी मालकांची वंशावळ जुळवावी लागते.

पुस्तिका न मिळाल्यास : अशा वेळी साधनाचीच साक्ष काढावी लागते. ज्यांचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा पाच-दहा नोंदी घेऊन पत्रक छापावे. त्यांत एक ऋण रक्कम, एक शून्य, एक एकाच नोंदीचा गट व एक क्षेत्रात न मावणारी रक्कम मुद्दाम ठेवावी आणि आढळलेला प्रत्येक नियम दिनांक घालून लिहून ठेवावा. मूळ यंत्र नसल्यास त्याचे अनुकरण करणारी आज्ञावली उपयोगी पडते, उदा., १९९९ पासून उपलब्ध असलेल्या हर्क्युलीस या अनुकरणावर ओएस/३६० ही प्रणाली तिच्या आरपीजी कंपायलरसह चालविता येते. जुनी छापील पत्रके हा दुसरा पुरावा होय. आज्ञावलीने काय करावयास हवे होते हे ती सांगत नाहीत, परंतु प्रत्यक्षात काय केले हे निर्विवादपणे सांगतात.

यांपैकी कशातूनही न मिळणारी एक गोष्ट मात्र राहते. अनेक पत्रके आगाऊ छापलेल्या कागदावर निघत. रकान्यांचे मथळे, कार्यालयाचे नाव, खालील टिपा, इतकेच नव्हे तर ‘रुपये हजारांत’ यासारखी सूचनाही त्या कागदावरच असे. आज्ञावली केवळ आकडे योग्य जागी टाकी. आयबीएम १४०३ सारख्या मुद्रकात कागद कोणत्या ओळीवर थांबावा हे छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीच्या वेटोळ्यावरून ठरे व तेही आज्ञावलीबाहेरच. अशी आज्ञावली आज चालविली, तर कोऱ्या पानावर आकड्यांचे निनावी स्तंभ उमटतात. तो छापील कागद मुद्रणालयातून येई व त्याचा हिशेब लेखनसामग्रीच्या खात्यात होई, त्यामुळे संगणक विभागाच्या दफ्तरात त्याचा मागमूस नसतो. तो सापडलाच, तर भांडारपालाच्या नमुनावहीत किंवा मुद्रणालयाच्या जुन्या मागणीपत्रास टाचलेला सापडतो.